आठ मात्रांचं नाव

भिवपुरी रोड. हे दोन शब्द तीन-चारदा मोठ्यानं म्हणा आणि म्हणताना मांडीवर बोटं आपटत राहा. भि, व, पु या तीन ऱ्हस्व अक्षरांना एकेक मात्रा आणि री दीर्घ म्हणून तिला दोन. झाल्या पाच. रोच्या दोन, डची एक. एकूण आठ. ढोलकीवाल्याचा केरवाही आठच मात्रांचा. म्हणजे नेरळ आणि कर्जतच्या मध्ये रेल्वेनं पिवळ्या पाटीवर एक अख्खं आवर्तन रंगवून ठेवलंय, आणि आम्ही वर्षानुवर्षं त्या पाटीखाली उभे राहून फक्त 'गाडी किती लेट?' एवढंच विचारत आलो.

खेळ पुढे नेता येतो. कर्जत चार मात्रा, नेरळ चार, शेलू चार. वांगणी कागदावर पाच भरते, पण रोज जाणारा माणूस 'वांगणी' म्हणतच नाही, तो म्हणतो 'वांग्णी'. झाल्या चार. कर्जत, भिवपुरी रोड, नेरळ, शेलू, वांग्णी : चोवीस मात्रा, तीन आवर्तनं, एकही मात्रा सांडलेली नाही. बदलापूरला मात्र गाडी अडते. तिथं सातच मात्रा निघतात. मग काय करायचं? शेवटचा 'पूर' जरा ओढायचा. सकाळच्या कर्जत लोकलमध्ये भजनी मंडळ बसलेलं असेल तर त्यातल्या कुणालाही विचारा. शब्द कमी पडला की ओढायचा, जास्त झाला की आवळायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. टाळ हातात आला की ते आपोआप येतं.

आता याच बोटांवर आणखी एक नाव म्हणून बघा. वामन कर्डक. वाच्या दोन, म आणि न एकेक : चार. कर्डकमधला क जोडाक्षरामुळे जड होतो, त्याच्या दोन, ड आणि क एकेक : चार. पुन्हा आठ. भिवपुरी रोड आणि वामन कर्डक एकाच मापाचे आहेत. गाण्यात एकाच्या जागी दुसरं बसवलं तर ढोलकीवाल्याला पत्ताही लागणार नाही.

हा नुसता योगायोग आहे, मान्य. पण त्याच्यामागून चालत गेलं तर फार लांबपर्यंत जाता येतं.

१९२२ साली दोन गोष्टी झाल्या. भिवपुरीला टाटांचं वीजघर सुरू झालं आणि नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावात, १५ ऑगस्टला, वामन तबाजी कर्डक, म्हणजे पुढचे गीतकार-गायक वामनदादा, जन्माला आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तरी थोडा वेळ वीजघरापाशी थांबू या, कारण ते जे करतं ते ऐकून माणूस एरवीही थक्क होतो.

स्टेशनला 'रोड' असं शेपूट आहे, म्हणजेच गाव तिथं नाही. गाव आणि टाटांचा कॅम्प सह्याद्रीच्या पायथ्याला. डोंगराच्या डोक्यावर मावळात आंध्रा नदी, तिच्यावर ठोकरवाडीचं धरण. ही आंध्रा मुळात पूर्वेकडे जाणारी. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि शेवट बंगालच्या उपसागरात. धरणानं तिला अडवलं आणि तिचं बरंचसं पाणी बोगद्यातून, नळांतून पश्चिमेला वळवलं. सुमारे ५०० मीटरचा कडा ते पाणी पाइपातून उतरतं, खाली भिवपुरीत चाकांवर आदळतं, वीज देतं आणि मोकळं होऊन उल्हास नदीत शिरतं. देहूवरून, आळंदीवरून वाहत पूर्वेच्या समुद्राला जायचं पाणी आता नेरळ-बदलापूरवरून अरबी समुद्राला जातं. नदीची दिशा माणसानं फिरवली आणि आमच्या लोकलच्या खिडकीतून ती रोज दिसते, पण बघतो कोण!

ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७ : तिन्ही वीजघरं घाटाच्या पायथ्याला आणि तिन्हींच्या तारांचं तोंड मुंबईकडे. गिरण्या फिरायला लागल्या की त्यांना माणसं लागतात. माणसं घाटावरून आली, कोकणातून आली, नाशिककडून आली. त्यांतच देशवंडीची एक बाई, सईबाई, आणि तिचा वामन.

गावाकडचं त्यांचं काम ऋतूप्रमाणे बदलायचं. उन्हाळ्यात तोडलेल्या झाडांची खोडं-मुळं खणून काढायची, त्यांचा कोळसा पाडायचा, सिन्नरला नेऊन विकायचा. कधी टेंभुर्णीची पानं तोडून सिन्नरच्या विडीवाल्यांना द्यायची. मुंबईत आल्यावरही कामाची जात बदलली नाही, नावं तेवढी बदलली. गिरणीत काम, कोळशाच्या वखारीत काम, खडी फोडणं, चिक्की विकणं, आइसफ्रूट विकणं. बिऱ्हाड शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत. शाळा नावाचा प्रकार यात कुठे बसत नव्हता, आणि बसला नाही.

चाळीत डॉ. आंबेडकरांच्या समता सैनिक दलाचं काम चालायचं. वामन त्यात होता. एक दिवस कुणीतरी त्याच्या हातात पत्र दिलं आणि म्हणालं, वाचून दाखव. कपडे नीट, बोलणं नीट, दलाचा पोरगा; त्याला वाचता येत नसेल असं समोरच्याला वाटलंच नाही. वामनला एक अक्षर येत नव्हतं. त्या दिवसाची लाज त्यांना आयुष्यभर पुरली. ते रडले, आणि मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून मुळाक्षरं शिकले. बाराखडी झाली, पण जोडाक्षरं? ती त्यांनी दुकानांच्या पाट्यांवरून उचलली. रस्त्यानं चालायचं, पाटी दिसली की थांबायचं, आत काय विकतात ते बघायचं आणि त्यावरून वर काय लिहिलंय ते ताडायचं.

मला या गोष्टीत नुसती जिद्द दिसत नाही. जिद्दीच्या गोष्टी आपल्याकडे ढिगानं आहेत. मला दिसतो तो क्रम. हा माणूस विशीला पोचेपर्यंत भाषा फक्त कानानं ओळखत होता. ओव्या, भजनं, शिमग्याची गाणी, तमाशातला संवाद, सभेतलं भाषण; सगळं ऐकून साठवलेलं. अक्षर आलं ते त्यानंतर, आणि तेही दुकानाच्या पाटीसारखं, लांबून एका नजरेत कळेल असं. आपण शाळेत गेलेले लोक आधी कविता पाठ्यपुस्तकात बघतो आणि मग तिची चाल शोधतो. त्यांचं उलट झालं होतं. आधी कान तयार झाला आणि मग हाताला अक्षर मिळालं.

आणि अक्षर हाती आल्यावर फार काळ गेला नाही. ३ मे १९४३ ही त्यांच्या पहिल्या गाण्याची तारीख सांगितली जाते. तेव्हा ते विशीत होते, एकविसावं पुरं व्हायचं होतं. गाणं होतं एका हिंदी सिनेमागीताचं विडंबन. त्याच वर्षाच्या आरंभी, २ जानेवारीला, आमच्या माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडच्या जंगलात इंग्रजांच्या गोळीला बळी पडले होते. त्यांचा आझाद दस्ता मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडत होता. वीज थांबली की गिरणी थांबते आणि गिरणी थांबली की सरकारला कळतं, असा तो हिशोब. त्या गिरण्यांच्या सावलीत एक पोरगा सिनेमाच्या चालीवर शब्द बसवत होता. एकाच वर्षातल्या दोन गोष्टी आहेत म्हणून सांगितलं, इतकंच.

विडंबन म्हटलं की आपण नाक मुरडतो. उसनी चाल, उसना ठेका, यात काय मोठं? पण गावोगाव हिंडणाऱ्या गाणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. संध्याकाळी अनोळखी गावात उतरायचं. पेटी गावातली, पेटीवाला गावातला. ढोलकी कुणाची तरी. मागं कोरस धरायला चार पोरं, तीही तिथलीच. तालमीला वेळ शून्य. अशा वेळी तुम्ही नवी चाल घेऊन आलात तर निम्मी रात्र ती शिकवण्यात जाईल. पण 'अमक्या गाण्याची चाल' एवढं सांगितलं की पेटीवाल्याची बोटं आपोआप त्या पट्टीवर जातात, ढोलकीवाला मान डोलावतो, आणि समोर बसलेल्या बायकाही मनात चाल धरून तयार असतात. चाल आधीच गावात पोचलेली असते, सिनेमावाल्यांच्या खर्चानं. तुम्ही फक्त शब्द घेऊन जायचं. शब्दाला ना तिकीट लागतं ना हमाल.

यातली खरी अवघड गोष्ट पुढे आहे. ओळखीच्या चालीत नवे शब्द बसवताना श्रोत्याच्या डोक्यात जुने शब्द वाजतच असतात. नवे शब्द त्यांच्यापेक्षा घट्ट बसले नाहीत तर गाणं संपल्यावर माणूस घरी जाताना जुनंच गुणगुणतो. म्हणजे उसन्या चालीवर लिहिणाऱ्याची कुस्ती मूळ गीतकाराशी असते आणि ती दर ओळीला असते. मात्रा तेवढ्याच पाहिजेत, यमक त्याच ठिकाणी पाहिजे, श्वास तिथंच सुटला पाहिजे, आणि अर्थ पहिल्याच ऐकण्यात समजला पाहिजे. पान उलटून मागचं बघण्याची सोय श्रोत्याला नसते. म्हणून टेक, म्हणजे ध्रुवपद, असं लागतं की पहिला अंतरा संपायच्या आत मैदानातला शेवटचा माणूसही ते कोरसबरोबर म्हणू लागला पाहिजे. पुढचे अंतरे एकमेकांवर फार अवलंबून ठेवायचे नाहीत. एखादा विसरला, मागेपुढे झाला, तरी गाणं लंगडायला नको. ही सगळी कारागिरी आहे, पण कागदावर वाचणाऱ्याला ती दिसत नाही. तो म्हणतो, सोपं तर आहे!

हे फक्त आपल्याकडेच चालत होतं असं नाही. त्याच काळात अमेरिकेत वुडी गथ्री नावाचा गवई हिंडत होता. ओक्लाहोमातल्या ओकीमा गावचा, १९१२ चा जन्म. दुष्काळानं आणि मंदीनं उठवलेल्या शेतकऱ्यांच्या तांड्यांबरोबर तो कॅलिफोर्नियाला गेला, मालगाड्यांवर चढून प्रवास केला, आणि जुन्या भजनांच्या, लोकगीतांच्या चाली घेऊन त्यांत आजचे शब्द घातले. त्याचं सगळ्यात गाजलेलं 'धिस लँड इज युअर लँड' हे गाणंसुद्धा उसन्या चालीवरचंच. आणि आता भिवपुरीकरांनी कान द्यावेत : १९४१ साली तिथल्या सरकारच्या वीज खात्यानं या वुडीला एक महिना पगारी ठेवून घेतला. काम काय? कोलंबिया नदीवर बांधलेली धरणं आणि त्यांची वीज यांवर गाणी रचायची. वुडीनं महिन्याभरात २६ गाणी दिली आणि २६६ डॉलर ६६ सेंट पगार उचलला. त्याला नदीकाठानं हिंडायला सरकारी मोटार आणि ड्रायव्हरसुद्धा होता.

आपल्याकडे असा प्रकार घडला नाही. धरणावर गाणी झाली ती धरणग्रस्तांच्या बाजूनं; मुळशीचा सत्याग्रह १९२१ ला सुरू झाला तो याच टाटांच्या पुढच्या धरणाविरुद्ध, आणि त्याचे सेनापती बापट स्वतः पद्यं रचायचे. वामनदादांना कुणी पगारी ठेवलं नाही. मोटार तर नाहीच. त्यांची नोकरी त्यांनी स्वतःच ठरवली होती आणि तिचा मालक एकच होता : बाबासाहेब आंबेडकर. मुंबईतच त्यांनी बाबासाहेबांना पाहिलं, ऐकलं, आणि त्यानंतर पुढची साठ वर्षं हा माणूस त्या एका आवाजाचं गाण्यात भाषांतर करत राहिला.

ही वाट त्यांच्याआधी कुणी चाललंच नव्हतं असं नाही. सत्यशोधक जलसेवाल्यांनी तमाशाचा साचा उचलून त्यातला माल बदलला होता. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम तोच. पण देवाच्या जागी निर्मिक, आणि वगात सावकार-भटजींची झडती. १९३० नंतर आंबेडकरी जलसे उभे राहिले आणि त्यात पुढं होते भीमराव कर्डक. तेही नाशिकचेच. दोन कर्डकांची गल्लत पुष्कळ जण करतात, म्हणून सांगतो : भीमराव जलसाकार, पुढे त्यांनी जलशांवर पुस्तकही लिहिलं, वामनराव गीतकार-गायक, वयानं लहान. भीमरावांच्या पिढीनं तमाशातून जलसा केला. वामनदादांच्या पिढीनं जलशातून वग-बतावणी गाळली आणि नुसतं गाणं ठेवलं. त्याला 'गायन पार्टी' म्हणू लागले. पेटी, ढोलकी, खंजिरी, टाळ, कोरस. वगाला दहा-बारा माणसं आणि पेटाऱ्यातले कपडे लागायचे. गायन पार्टी एका बाकड्यावर मावते. आणि गाणारा एकटा निघाला तरी चालतं, बाकीचं मिळतं गावात.

१९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर झालं आणि आठ आठवड्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांत या गाण्यांनी जे काम केलं ते बघून मी चकित होतो. नवा धर्म आलेला, पण त्याची आरती नाही, ओवी नाही, लग्नातलं गाणं नाही, पाळणा नाही. जुनी गाणी जुन्या देवांची, ती सोडली. घरात सण कसा करायचा? कोणत्या शब्दांत रडायचं? ही पोकळी कुठल्याही समितीनं भरली नाही. ती वामनदादांसारख्या कवी-गायकांनी भरली, रात्री-बेरात्री, कंदिलाच्या आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात. बुद्धावरचं गाणं, रमाईवरचं, फुल्यांवरचं, भूमिहीनांच्या सत्याग्रहावरचं, गावच्या पाटलावरचं आणि आपल्यातल्याच पुढाऱ्यांवरचंही. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे गळे याच रात्रींतून महाराष्ट्रभर पोचले. कव्वालीचे सामने व्हायचे. समोरासमोर दोन पार्ट्या, एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातून जवाब द्यायचा, आणि पहाटेपर्यंत कुणी उठायचं नाही.

या सगळ्यात वामनदादांचं जे हिंडणं होतं त्याला दौरा म्हणणं मला जरा चुकीचं वाटतं. दौरा आखलेला असतो. हे हिंडणं म्हणजे एका गावानं पुढच्या गावाला माणूस सोपवणं. कार्यक्रम झाला की बिदागी जमेल तेवढी, कधी जमली नाही तर भाकर आणि पुढच्या गावचं भाडं. १ जून १९४८ ला पुणे-नगर एसटी सुटली आणि पुढच्या काही वर्षांत लाल गाडी गावोगाव पोचली. सरकारनं ती कशासाठी काढली असेल ती असो, पण गायन पार्टीवाल्यांनी तिचा उपयोग पुरेपूर करून घेतला. जिथं रस्ता संपायचा तिथून पाय होतेच.

आणि गाणं? ते त्यांच्या पुढे जायचं. कार्यक्रमाला आलेला एखादा पोरगा वहीत उतरवून घ्यायचा. ती वही दुसऱ्या गावी जायची, तिथला गाणारा त्यातून म्हणायचा. कुणी सासरी गेली की गाणं तिच्याबरोबर गेलं. कुणी मुंबईच्या कामावर परतला की गाणं चाळीत पोचलं. दादा एखाद्या गावात पहिल्यांदा उतरायचे आणि त्यांचंच गाणं तिथं आधीपासून गायलं जात असायचं. मौखिक गाण्याच्या बाबतीत हे अगदी नेहमीचं आहे. वीज भिवपुरीत तयार होते आणि मुंबईत पेटते, तिला तार लागते. गाण्याला तारेची गरज पडली नाही.

आता इथं एक प्रश्न पडायला हवा. छापील पुस्तक नाही. वहीतून वहीत, गळ्यातून गळ्यात गेलेलं गाणं. दहा गावं पालथी घातल्यावर ते कुणाचं आहे हे कोण सांगणार? आणि तरी आज कुणीही सांगतं, हे वामनदादांचं. कसं काय?

उत्तर शेवटच्या अंतऱ्यात आहे. तिथं 'वामन' असतो.

याला नाममुद्रा म्हणतात आणि ही युक्ती जुनी आहे. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे'. अभंगात मात्रा मोजत नाहीत, अक्षरं मोजतात, आणि 'तुका म्हणे' बरोबर चार अक्षरांत बसतं. पुढं शाहिरांनीही ती उचलली. होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव, सगळे आपापल्या लावणीच्या शेवटी हजर. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि त्या तरल्या अशी कथा आहे. चमत्कार मानायचा नसेल त्यानं असं समजावं की गाथा लोकांच्या तोंडी होती आणि तोंडाला पाणी लागत नाही. पण तोंडी राहिलेली गाथा तुकोबांचीच राहिली, ती का? कारण सही कागदावर नव्हती, ओळीत विणलेली होती. ओळ घेतली की सहीसकट घ्यावी लागते. नाव काढायला गेलात तर छंद मोडतो, आणि मोडलेला छंद कानाला लगेच टोचतो.

आठवतं ना, वामन म्हणजे चार मात्रा? केरव्याचं बरोबर अर्धं आवर्तन. ओळीच्या आरंभी टाका, मध्ये टाका, समेच्या आधी टाका, कुठंही बसतो. देशवंडीत बारसं करणाऱ्यांनी काही हे मोजून ठेवलं नसेल. पण गाणाऱ्या माणसाला याहून सोयीचं नाव मिळणं कठीण. कायद्याची पुस्तकं स्वामित्वहक्काची कलमं सांगतात. इथं कलम, नोंदणी, वकील, सगळं काही त्या चार मात्रांत. आणि ज्याला पत्र वाचता आलं नाही म्हणून रडावं लागलं, त्यानं आपली सही अशा जागी करून ठेवली जिथं वाचता न येणाऱ्यालाही ती ऐकू येते.

छापलेलं पुस्तक खूप उशिरा आलं. 'वाटचाल' १९७३ साली, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. मग 'मोहळ' १९७६, 'हे गीत वामनाचे' १९७७. आत्मकथन 'माझ्या जीवनाचं गाणं' १९९६ ला. यातलं तिसरं नाव बघा : पुस्तकाच्या शीर्षकातसुद्धा सही आहेच. १९९३ साली वर्ध्याला आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या गाण्यांची संख्या दहा हजारांवर सांगतात. कुणी मोजली असतील असं नाही, पण आकडा खरा धरून हिशोब करून बघा : १९४३ ते २००४, एकसष्ट वर्षं, म्हणजे साधारण दर दोन दिवसांना एक गाणं. आकडा निम्म्यावर आणला तरी दर साडेचार दिवसांना एक. आणि हे घरी टेबल-खुर्चीवर बसून नाही. एसटीच्या बाकावर, स्टँडवर, दुसऱ्याच्या ओसरीवर. मराठी कवितेच्या इतिहासांत त्यांना किती पानं मिळाली हे पुस्तकं उघडून तुम्हीच पाहा. माझ्या मते फार कमी, आणि त्याचं कारण गाणी कमी दर्जाची होती हे नसून इतिहास लिहिणारे त्या रात्रींना तिथं बसलेले नव्हते हे आहे.

कॅसेट आली तेव्हा हे सगळं बदलेल असं वाटलं. बदललंही, पण जरा वेगळ्या तऱ्हेनं. आंबेडकर जयंतीला, १४ एप्रिलला, आमच्याकडे कर्जतपासून खालापूर-खोपोलीपर्यंत वाडी-वस्तीवर मांडव पडतात आणि भोंगे लागतात. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर गाण्यांच्या छोट्या पुस्तिका आणि कॅसेटी विकणाऱ्यांच्या रांगा लागायच्या. आता त्यांच्या शेजारी पेनड्राइव्ह असतात. गाणं पूर्वी कधी नव्हतं इतकं दूरवर आणि मोठ्यानं वाजतं. पण नीट ऐका. मिरवणुकीत डीजे गाणं सुरू करतो, टेक वाजते, पहिला अंतरा होतो, पोरं रंगात येतात, आणि तिथूनच तो पुढच्या गाण्यावर उडी मारतो. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात तर टेकीपलीकडे काहीच येत नाही. चौथा अंतरा लागतच नाही. आणि सही तर चौथ्यातच आहे.

तीस वर्षं छापील पुस्तक नसताना जे नाव शाबूत राहिलं, ते घाईनं गळायला लागलंय. परवा लोकलमध्ये एक मुलगा मोबाइलवर असंच गाणं ऐकत होता. चाल ओळखीची, टेक पाठ. मी विचारलं, कुणाचं रे? तो म्हणाला, "भीमगीत आहे, काका." बरोबरच होतं त्याचं. गाणं इतकं सगळ्यांचं झालं की ते एकाचं होतं हे विसरायला झालं. एखाद्या कवीला हे आवडेलही. मला मात्र तेव्हा जरा चुटपुट लागली. मी त्याला म्हटलं, पुढं जाऊ दे, बंद करू नकोस. दोन अंतरे गेले. तिसराही गेला. गाडी भिवपुरी रोडला थांबली, लोक चढले-उतरले, आणि ती सुटत असताना त्या बारीकशा स्पीकरमधून आलं ते नाव, समेच्या बरोबर आधी.

वामनदादा १५ मे २००४ ला नाशिकमध्ये वारले. पुढच्या वेळी कुठल्या मांडवातून त्यांचं गाणं कानावर आलं तर घाई करू नका. शेवटचा अंतरा होईपर्यंत थांबा.